आजोबा खेळले तर

त्या मीटिंगमध्ये मी एकटीच आई होते, म्हणून सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले.

व्हिडिओ गेमचा कन्सोल विकायचा होता. टीव्हीला जोडायचा काळा डबा आणि सोबत दोन रिमोट. कंपनीकडून आलेल्या माणसाने सगळं नीट उलगडून सांगितलं. मुलांना तो हवाच असतो, त्यांना पटवावं लागत नाही. बापालाही मनातून हवा असतो, कारण लहानपणी तो शेजाऱ्याच्या दारात उभा राहून दुसऱ्यांना खेळताना बघत आलेला असतो आणि ती हौस फिटलेली नसते. गाडी अडते ती एकाच ठिकाणी.

"आई नाही म्हणते," तो म्हणाला. "आणि आई नाही म्हणाली की विषय संपला. तेव्हा ही जाहिरात मुलांसाठी नाहीच. आईला हो म्हणायला एक कारण द्यायचंय. घरात आणल्यावर तिला अपराधी वाटणार नाही असं कारण."

बॉसने पेनाचं टोक माझ्याकडे केलं. "बोला मातोश्री. तुमच्याकडे आहे का?"

"नाही."

"का नाही?"

"जेवायला हाका मारून मारून घसा बसेल माझा."

सगळे हसले. "मग कशाने हो म्हणशील?"

खरं तर माझं लक्षच नव्हतं. भिंगरी, म्हणजे माझी लेक, शाळेतून आली असेल, बाबांनी तिला खायला दिलं असेल आणि दोघं गॅलरीत बसून समोरच्या इमारतीतल्या माणसांना नावं ठेवत असतील, हे माझ्या डोळ्यांपुढे होतं. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात, आणि ते आहेत म्हणून मी नोकरी करू शकते. तर तोंडातून निघून गेलं, "आजोबा खेळले तर."

बॉसने ते शब्द फळ्यावर लिहिले आणि खाली रेघ ओढली.

मग पुढचं सगळं भराभर जुळलं. या कामाचे काही नियम असतात आणि ते मला तोंडपाठ आहेत. मूल पडद्यासमोर एकटं बसलेलं दाखवायचं नाही. पडदे उघडे, खोलीत भरपूर ऊन, कारण संध्याकाळ दाखवली की आईला अभ्यास आठवतो. डबा फुलदाणीशेजारी ठेवायचा, म्हणजे तो यंत्र न वाटता घरातली एक वस्तू वाटतो. आमची गोष्ट अशी ठरली: नात आजोबांना खेळायला शिकवते, आजोबांना ते अजिबात जमत नाही, रिमोट हातातून निसटतो, सगळे हसतात. धुतलेले कपडे घेऊन आई दारात येते, कपाळाला आठी घालणार तेवढ्यात सासऱ्यांना हसताना बघते आणि तिथेच विरघळते. शेवटी ओळ: सगळं घर, एकाच सोफ्यावर. ओळ माझी. बॉस म्हणाला, "हिला आईपणाचा पगार वेगळा द्यायला पाहिजे."

आजोबा काही मिळेनात. जे आले ते सगळे टूथपेस्टच्या जाहिरातीतून उठून आल्यासारखे, दात आधी आणि माणूस मागून. दिग्दर्शकाला खरा माणूस हवा होता. मी फोनवर कुणाला तरी भिंगरीचा बाबांबरोबरचा फोटो दाखवत होते, बॉस मागून डोकावला.

"हे कोण?"

"सासरे माझे."

"विचार त्यांना."

मी विचारलं. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते, हात स्वेटरच्या खिशात. आधी खूप हसले. मग म्हणाले, "अगं, मला काय येतंय त्यातलं?"

"काहीच यायला नको, बाबा. न येणं हेच काम आहे."

"हे बरं आहे. आयुष्यभर येणाऱ्या कामाला कुणी टाळी वाजवली नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हात दिसतील का गं?"

बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. पट्टी न लावता सरळ रेघ काढायचे, असं नवरा अजून कौतुकाने सांगतो. मला वाटलं, नखांत रंग बसलाय म्हणून विचारतायत. म्हटलं, "दिसणारच की. हातात रिमोट असणार. पण मेकअपवाली असते, काळजी नको."

ते गॅलरीबाहेर बघत राहिले. त्या दिवसांत मी घरी यायची ती तोंड पाडूनच. आधीची दोन कामं हातची गेली होती आणि हेही गेलं असतं तर माझं तिथे काही खरं नव्हतं. हे मी नवऱ्याला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगायची. स्वयंपाकघराची भिंत गॅलरीला लागून आहे.

"तुझ्या कामाला उपयोग होणार असेल तर येतो," बाबा म्हणाले.

शूटिंगचं घर म्हणजे तीन भिंती आणि एक सोफा. खिडकीतलं ऊन दिव्याचं, फुलं कापडाची. टीव्ही बंदच होता, त्यावरचं चित्र नंतर चिकटवणार होते. नात झालेली मुलगी काळ्या काचेकडे बघून किंचाळत होती. बाबांना मधे बसवलं. पहिल्याच वेळी त्यांचा अंगठा बटणावर गेला, तिथून घसरला, परत गेला, परत घसरला, आणि रिमोट मांडीवरून खाली. सगळं युनिट खदखदून हसलं.

"कमाल," दिग्दर्शक म्हणाला. "आजोबा, कुठे होतात इतके दिवस?"

"पाट्यांमागे," बाबा म्हणाले. पुन्हा हशा.

मग पुन्हा, आणि पुन्हा. एकदा दिग्दर्शक म्हणाला, "आजोबा, थोडं कमी करा हं आता. हाताचं जरा जास्त होतंय." बाबांनी मान हलवली. पुढच्या वेळी हात जास्तच थरथरला. दिग्दर्शकाने क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "नको, असंच राहू दे. हेच बरं दिसतंय." शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी वाकून नमस्कार केला.

घरी येताना गाडीत ते उजवा हात मांडीखाली घेऊन बसले होते. दमले असतील, मला वाटलं. जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "तुझे बाबा म्हणजे अगदी छुपे रुस्तम निघाले." आणि त्यांची नक्कल करून दाखवली. हातातला चमचा बटणावर गेल्यासारखा, घसरल्यासारखा, ताटात खणकन. भिंगरी हसून हसून खुर्चीवरून घसरली. बाबाही हसले. अर्धी वाटीच आमटी घेतली होती, तीही त्यांनी तशीच ठेवली.

आमचा एडिटर, त्याला ऑफिसात सगळे कात्री म्हणतात, अबोल माणूस. त्याची एक सवय आहे. 'कट' म्हटल्यावर कॅमेरा बंद व्हायला थोडा वेळ जातो. ती शेपटं बाकीचे बघत नाहीत, हा बघतो. म्हणतो, खरं हसू तिथेच सापडतं.

एडिटिंगच्या खोलीत मी शेजारी बसलेली असताना त्याने बाबांच्या शॉटचं शेपूट लावलं. 'कट' ऐकू आलं. नात झालेल्या मुलीचे केस नीट करायला बाई आली. दिग्दर्शक फ्रेममधून निघून गेला. बाबा सोफ्यावर एकटे. खेळ थांबला होता, रिमोट खाली पडलेला होता, आणि त्यांचा उजवा हात चालूच होता. मग डावा हात आला आणि त्याने उजव्याला दाबून धरलं, उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण दाबावं तसं. कुणी बघितलं तर नाही ना, हे त्यांनी मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी तपासलं. आणि तेवढ्यात कॅमेऱ्यामागून एक आवाज आला, लाडिक, खूश: "बाबा, एकदम झकास हं. अगदी खरं वाटतंय."

माझा आवाज.

कात्रीने चित्र थांबवलं. मग म्हणाला, "माझ्या आजीला व्हायचं असं." आणि थोड्या वेळाने, "काढू?"

मी हो म्हणणार होते. तेवढ्यात दार ढकलून बॉस आत आला आणि म्हणाला, "आधी रिमोट पडतो तो लाव." बघितलं. हसला. परत लावायला लावलं आणि परत हसला. "हा शॉट म्हणजे जाहिरात आहे. बाकी सगळं नाही घेतलं तरी चालेल."

"तो शॉट," मी म्हटलं.

"काय?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. का काढायचा ते सांगितलं असतं, तर ज्या गोष्टीचा पत्ता बाबांनी पोटच्या पोराला लागू दिला नव्हता, ती दुपारपर्यंत ऑफिसच्या चहाच्या टेबलावर गेली असती. नाही सांगितलं तर ती घराघरात जाणार होती. असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. पण त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, बॉस हसला याचं मला बरंही वाटत होतं, हे लिहिताना हात अडखळतो.

"थोडा लांबतोय," मी म्हटलं.

"लांबू दे," बॉस म्हणाला. कात्री खुर्ची फिरवून भिंतीकडे बघायला लागला.

मी डोकं दुखतंय सांगून लवकर घरी गेले. भिंगरी शाळेत होती. बाबा गॅलरीत. मी चहा केला आणि कपात नेहमीसारखा अर्धाच ओतला. ओततानाच हात थांबला. कितीतरी महिने ते "अर्धाच दे गं" म्हणायचे आणि मी गमतीने म्हणायची, "बाबा, तुमचं डाएट चाललंय वाटतं." भरलेला कप त्यांना ओठापर्यंत नेता येत नव्हता.

मी कप त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर स्टूल ओढून बसले. नुसतीच त्यांच्या खिशाकडे बघत राहिले.

"बघितलंस वाटतं," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

"पाट्या सोडल्या तेव्हापासून."

"त्या तर फ्लेक्स आले म्हणून..."

"सगळ्यांना तसंच वाटलं. मीही तसंच सांगितलं. एका अक्षराचं वळण नीट येईना तेव्हा ब्रश ठेवला, आणि नेमके त्याच वर्षी गल्लीत फ्लेक्सचं दुकान निघालं. सगळे त्या दुकानाला शिव्या द्यायचे, माझी कीव करायचे. माझी लाज राखली बघ त्या फ्लेक्सने." ते हसले. "आता तुझी जाहिरात राखेल."

"मी तो शॉट काढायला सांगते, बाबा. उद्याच सांगते. काहीही कारण देईन."

"नको."

"अहो, सगळे हसतील तुम्हाला."

"हसू देत की. अगं, काढलास तर लोक विचारतील, का काढला. ठेवलास तर मी नट." त्यांनी डाव्या हाताने कप उचलला, सावकाश, आणि एक घोट घेतला. "उद्या जिन्यात हात हलला तरी म्हणता येईल, सवय लागली हो जाहिरातीची. याच्याहून चांगलं पांघरूण मला कोण देणार?"

"डॉक्टरकडे तरी जाऊ या."

"जाऊ. हे सगळं गाजूनबिजून होऊ दे. आणि पोराला सांगू नकोस. मी सांगेन माझं मी."

मी बरं म्हटलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं आणि मी कप उचलून आत गेले. नळ सोडल्यावर ध्यानात आलं की दगड कशाने उतरला. शॉट राहणार होता. बॉसशी भांडायला लागणार नव्हतं. मी तो कप कितीतरी वेळ विसळत उभी राहिले.

जाहिरात चांगलीच चालली. जिन्यात, दुकानात, रिक्षाच्या रांगेत माणसं बाबांना ओळखायला लागली. खालच्या मजल्यावरचे काका म्हणायचे, "काय हो सुपरस्टार, ते करून दाखवा ना जरा." आणि बाबा खिशातून हात काढून दाखवायचे. हात हवेत थरथरायचा, काका पोट धरून हसायचे. "अस्सल कलाकार आहात." बाबा वाकून नमस्कार करायचे. मी शेजारी पिशवी धरून उभी असायची आणि हसायची. न हसणारी मी एकटीच दिसले असते.

डॉक्टरचं मी दोनदा काढलं. ते म्हणाले, "गर्दी जरा ओसरू दे." मी तिसऱ्यांदा नाही काढलं.

मग कंपनीने आमच्याकडे एक डबा भेट पाठवला. मी तो न उघडताच कपाटावर ठेवला. भिंगरीने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी शहाण्या आवाजात म्हणाली, "आई, आजोबा पण खेळतील की."

नवरा खो खो हसला. "घ्या. स्वतःच्याच जाळ्यात सापडलात, लेखिकाबाई." आणि त्याने डबा खाली काढला. आईला हो म्हणायला कारण मिळालेलं होतं. ते मीच घडवलेलं होतं.

रविवारची सकाळ होती. पडदे उघडे, खोलीत ऊन. भिंगरीने बाबांना सोफ्यावर मधे बसवलं, त्यांच्या हातात रिमोट दिला, कुठलं बटण उडीचं ते सांगितलं. नवरा खाली बसून वायर लावत होता. मी दारात होते, कपड्यांच्या घड्या घालत. खेळ सुरू झाला. बाबांचा अंगठा गेला, घसरला. पडद्यावरचा त्यांचा छोटा माणूस खड्ड्यात पडला. भिंगरी टाळ्या वाजवून हसली. दुसऱ्यांदा पडला, हसली. तिसऱ्यांदा थोडं कमी.

"आजोबा, आता खरं खेळा ना."

"खरंच खेळतोय गं."

"नाही. तुम्ही टीव्हीतलं करताय."

पुन्हा खड्डा. ती वाट बघत होती, त्यांचं नाटक कधी संपतं याची. चेहरा हळूहळू बारीक झाला. "पुरे ना आता. मला माहितीय तुम्हाला येतं. तुम्ही मुद्दाम हरताय. मी लहान आहे म्हणून मुद्दाम हरताय."

"नाही गं, भिंगरे."

"मग खेळा ना." तिचे डोळे भरले. "माझ्याशी कुणीच खरं खेळत नाही."

बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या फ्रॉकची घडी मोडली आणि परत घातली.

बाबांनी रिमोट बाजूला ठेवला. उजवा हात भिंगरीपुढे धरला. "धर बघू. घट्ट धर. थांबतो का बघ."

तिने दोन्ही हातांनी तो धरला. डोळे पुसायचे राहिले. तिच्या हातांसकट तो हलत राहिला.

"तुम्ही हलवताय," ती म्हणाली.

"नाही."

तिने आणखी घट्ट धरला. "मग कोण हलवतंय?"

"कुणीच नाही गं. त्याचा तोच हलतो."

नवऱ्याच्या हातातली वायर तशीच राहिली. तो उठून आला, वडिलांसमोर खाली बसला, आणि भिंगरीच्या हातांवर त्याने आपला हात ठेवला. पडद्यावर खेळाचं गाणं चालू होतं. तो खूप वेळ त्या हाताकडे बघत होता, लहान मूल बघतं तसा. मग त्याने मान वळवली आणि मला विचारलं, हळूच, ओरडला असता तर बरं झालं असतं, "तुला माहीत होतं?"

मी तोंड उघडलं.

"तिला कुठलं माहीत असायला," बाबा म्हणाले. "मी कुणाला कळू दिलं असतं का? तिला बिचारीला वाटलं मी नट आहे. हो ना गं, सूनबाई?"

तिघं माझ्याकडे बघत होते. बाबांच्या नजरेत कसलाही आरोप नव्हता. उलट, घाई कर, असं होतं. त्यांचं पांघरूण गेलं होतं आणि हातात उरलेला तेवढा तुकडा ते माझ्यावर घालत होते.

"हो," मी म्हटलं.

नवऱ्याने मान हलवली. "तुलाही काय म्हणणार," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी सोफ्यावर जागा करून दिली.

मी जाऊन बसले.